कानाला सवय होते, म्हणजे काय होते?

दिवाळीनंतरचा आठवडा म्हणजे आमच्या दवाखान्यात सर्दी, खोकला आणि फराळाने बिघडलेली पोटे. त्या गर्दीत आमचे एक जुने रुग्ण, निवृत्त गुरुजी, नंबर लावून बसले होते. वय एकाहत्तर, रक्तदाब ताब्यात, तक्रारखोर स्वभाव मुळीच नाही. आत आल्यावर त्यांनी पिशवीतून औषधांच्या चिठ्ठीऐवजी एक भलामोठा हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, हा तपासा, नाहीतर माझे कान तपासा. दोघांपैकी एकात काहीतरी बिघाड आहे."

पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने दिवाळीला तो भेट दिला होता. सोबत आवाज वाढवण्या-कमी करण्याची घुंडी असलेली एक छोटी पेटीही. किंमत ऐकून मी जरा सावरून बसलो. माझी पहिली स्कूटर याहून स्वस्त आली होती. गुरुजींना शास्त्रीय गाण्याचे वेड. चाळीस वर्षे ट्रान्झिस्टरवर आणि पुढे कॅसेटवर भीमसेन, कुमार गंधर्व ऐकत आलेला माणूस. पण या महागड्या यंत्रातून तेच गाणे त्यांना परके वाटत होते. आवाज कोरडा, तबला भलत्याच बाजूला, गाणारा डोक्याच्या आत बसल्यासारखा. शिवाय अर्ध्या तासात कानामागे दुखू लागे आणि कानशिले ठणकत.

"मुलगा म्हणतो, बाबा, महिनाभर वापरा, सवय होईल. मला एवढंच सांगा, कानाला सवय होते म्हणजे नेमकं काय होतं?"

प्रश्न मोठा नेमका होता. शिक्षकाचाच तो! "सवय झाली" असे आपण सहज म्हणतो, पण त्या शब्दांखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली मेंदूचे शिकणे. दुसरी कातडीचे आणि गादीचे जुळणे. तिसरी मात्र सवय नसते, ती इजा असते, आणि तिलाही आपण त्याच नावाने हाक मारतो.

आधी कान पाहिले. उजव्या कानात मळाचा घट्ट बोळा होता. चार दिवस थेंब घालून तो मऊ केला आणि काढला. (काडी, हेअरपिन, किल्ली यांनी मळ निघत नाही, आत ढकलला जातो. हे मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे आणि पुढेही लिहावे लागेल असे दिसते.) त्यानंतर उजवीकडचा आवाज सुधारला, पण परकेपणा गेला नाही. तो कानात नव्हताच.

आवाजाच्या लहरी कर्णपटलावर आपटतात, तीन चिमुकल्या हाडांतून त्या अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीत जातात. तिथे दर कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. त्या हलल्या की संदेश मज्जातंतूंतून मेंदूकडे निघतो. आपण "ऐकतो" ते मेंदूत. आणि मेंदू आलेला प्रत्येक आवाज पूर्वी ऐकलेल्याशी ताडून पाहतो. गुरुजींच्या मेंदूत भीमसेनांचा आवाज म्हणजे ट्रान्झिस्टरमधून आलेला आवाज, अशी चाळीस वर्षांची नोंद पक्की झालेली. रेडिओच्या मध्यम लहरींवर साधारण ४ ते ५ हजार हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे पोचतच नाहीत, आणि ट्रान्झिस्टरच्या वाटीएवढ्या कर्ण्यातून खर्जही नीट निघत नाही. तरुण, निरोगी कानाला २० पासून २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येते. म्हणजे ते इतकी वर्षे गाण्याचा मधला भागच ऐकत होते, आणि तोच त्यांना संपूर्ण वाटत होता. आता तंबोऱ्याच्या तारेचा झणत्कार, गायकाचा श्वास, जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर असे सगळेच एकदम समोर आले. नव्या चष्म्याने पहिले दोन दिवस जमीन तिरकी दिसते, त्यातलाच हा प्रकार.

गाणारा डोक्यात बसल्यासारखा का वाटतो, त्यालाही कारण आहे. समोर बसलेल्या गायकाचा आवाज आपल्या दोन्ही कानांना मिळतो, एकाला किंचित आधी, दुसऱ्याला किंचित उशिरा. शिवाय कानाच्या पाळीच्या घड्या त्या आवाजाला थोडा आकार देतात, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. मान वळवली की हा हिशोब बदलतो. हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानाला जातो आणि मान वळवली तरी तो बरोबरच फिरतो. मेंदूला बाहेरचा पत्ता सापडत नाही, म्हणून तो आवाज आतच ठेवतो. सुरुवातीच्या काळातल्या काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत एखादे वाद्य पूर्ण एका बाजूला टाकलेले असे. ते स्पीकरवर खपून जाते, हेडफोनवर खटकते.

आता मेंदू शिकतो म्हणजे किती शिकतो? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांच्या कानाच्या पाळीत त्यांनी छोटे साचे बसवले, म्हणजे पाळीचा आकारच बदलला. लगेच त्यांना आवाज वरून येतो की खालून, हे कळेनासे झाले. साचे तसेच ठेवून ते रोजचे व्यवहार करत राहिले आणि काही आठवड्यांत ही ओळख परत आली. पुढे साचे काढले तेव्हा जुनी ओळखही जशीच्या तशी शाबूत होती. नवी भाषा शिकल्याने मातृभाषा विसरत नाही, तसेच.

त्यामुळे मुलाचा सल्ला बरोबर होता. हेडफोनच्या शौकीन मंडळींत असा एक समज आहे की नवा हेडफोन शे-दोनशे तास वाजवत ठेवला की त्याचा आवाज "खुलतो". यंत्राच्या पडद्यात होणारा फरक मोजला तर फारच थोडा भरतो. कानाभोवतीच्या गाद्या दबून मऊ होतात, तेवढ्याने आवाज थोडाफार बदलतो. बाकी खुलतो तो ऐकणाऱ्याचा मेंदू. गुरुजींना मी सांगितले, तीन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास ऐका, आणि अगदी पाठ असलेले एकदोन रागच ऐका. दर वेळी नवीन गाणे लावले तर बदल गाण्यात आहे की यंत्रात, हे मेंदूला उमजत नाही. आणखी एक सांगितले: दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. आवाज लहान असला की कानाला खर्ज आणि अगदी तार स्वर मध्यमापेक्षा कमी ऐकू येतात. मोठा केला की ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवले. म्हणूनच दुकानात जो मोठ्याने वाजतो तो "भारी" वाटतो.

कानामागचे दुखणे हा वेगळा विषय. मोठे हेडफोन साधारण पाव किलोपासून चारशे ग्रॅमपर्यंत वजनाचे असतात आणि नवेपणी त्यांची कमान डोक्याला चिमटा घेतल्यासारखी आवळते. चष्मा असेल तर काडी हाड आणि गादी यांच्यामध्ये चेपली जाते. गुरुजींचे दुखणे नेमके त्या काडीच्या रेषेत होते. बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी हा वैद्यकशास्त्रात नोंदलेला प्रकार आहे, घट्ट हेल्मेटने किंवा पोहण्याच्या चष्म्यानेही ती होते. दाब काढला की तासाभरात ती थांबते, गोळीची गरज नसते. उपाय साधे आहेत. कमान एक घर सैल करावी. रात्री हेडफोन डोक्यापेक्षा जरा रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवावा, आठवडाभरात आवळ कमी होते (कमान प्लास्टिकची असेल तर हा प्रयोग नको, मोडेल). ऐकताना चष्म्याची गरज नसतेच, तो काढावा. मात्र पंधरा दिवसांनीही दुखत असेल तर तो हेडफोन आपल्या डोक्याचा नाही असे समजावे. त्यात कमीपणा नाही. चप्पल चावते म्हणून कोणी पाय बदलत नाही.

घामाचेही बघावे. कृत्रिम कातड्याच्या गाद्यांत कान शिजतो. पावसाळ्यात कानात बुरशीची लागण घेऊन येणारे रुग्ण दरवर्षी असतातच, आणि कानात खुपसायचे बोंडूक दिवसभर घालणाऱ्या मुलांमध्ये ती मला हल्ली जास्त दिसते. गाद्या कोरड्या पुसाव्यात, एकमेकांचे वापरू नयेत.

बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन मिळतात, त्यांबद्दलही रुग्ण विचारतात. बाहेरच्या घरघरीच्या बरोबर उलटी लहर तयार करून ते ती पुसून टाकतात. ही कल्पना हेडफोनमध्ये आणून ती प्रत्यक्ष वापरात आणण्यात अमर बोस यांचा मोठा वाटा. त्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेत गेलेले. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीत गाणे ऐकू येईना, तेव्हा बोस यांनी विमानातच आकडेमोड सुरू केली. असा हेडफोन पहिल्यांदा घातला की काहींना कानात दडे बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कानावर दाब नसतो, खालच्या पट्टीतले आवाज एकाएकी गेल्याने मेंदू तसा अर्थ लावतो. बहुतेकांचे हे काही दिवसांत जाते. बसमध्ये, आगगाडीत ऐकायचेच असेल तर हे यंत्र बरे, कारण मग गाणे गोंगाटाच्या वर चढवावे लागत नाही. रस्त्यावर चालताना मात्र नको. मागून येणारा ट्रक ऐकू आला पाहिजे.

तीन आठवड्यांनी गुरुजी आले ते खुशीत. गाणे आता परके राहिले नव्हते, उलट जुना ट्रान्झिस्टर लावला तर तोच डब्यात बोलल्यासारखा वाटतो म्हणाले. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो, इतक्यात सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, "डॉक्टर, यांना सवय झाली ते ठीक. पण पहिल्या आठवड्यात मला स्वयंपाकघरात नुसतं कुजबुजल्यासारखं ऐकू यायचं. आता कुठला राग लागलाय ते कळतं!"

गुरुजींचा हेडफोन मागून जाळीचा, उघडा आहे. १९६८ साली जर्मनीतल्या सेनहायझर कंपनीने हा प्रकार बाजारात आणला. त्यात आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेरही सांडतो आणि बाहेरचा आतही येतो. आमच्याकडे तेव्हा ऊसतोडीचा हंगाम. दिवसभर ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरपेक्षा मोठी त्यावरची गाणी. घुंडी कुठे असते असे विचारले. सुरुवातीला घड्याळाच्या काट्याप्रमाणे दहावर असायची, ती आता एकवर गेली होती. आपण कधी वाढवली, हे त्यांना सांगता येईना.

ही तिसरी "सवय". मोठा आवाज सतत पडला की केशपेशी थकतात. काही काळ कान बोथट होतो आणि तोच आवाज लहान वाटू लागतो. मग हात आपोआप घुंडीकडे जातो. लग्नाच्या वरातीत भिंतीशेजारी तासभर उभे राहिल्यावर कानात कुंई असा आवाज येतो आणि सगळे कापसातून ऐकू येते, ते हेच. बहुधा एकदोन दिवसांत ते बरे होते, म्हणून आपण विसरतो. पण २००९ साली बॉस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की दोन तासांच्या मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी काही आठवड्यांत पूर्ववत झाली, तरी केशपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड काही भागात जवळपास निम्मे कायमचे गेले होते. तपासणीत कान ठीक, आतून तुटलेला. माणसातही असेच घडते का याचा अभ्यास चालू आहे. केशपेशींचे मात्र नक्की ठाऊक आहे: माणसात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही.

आमच्या भागातल्या यंत्रमागावरचा कामगार पहिल्या आठवड्यात म्हणतो, डोकं उठतं. दोन वर्षांनी म्हणतो, सवय झाली, आता काही वाटत नाही. वाटत नाही, कारण तो तेवढा बहिरा झालेला असतो. असा एक पंचेचाळिशीचा गृहस्थ माझ्याकडे मुलीच्या लग्नाआधी आला होता. मांडवात माणसे बोलतील ते कळणार नाही, याची त्याला लाज वाटत होती. त्याच्या हातात मी फार काही देऊ शकलो नाही. वीस वर्षांपूर्वी दोन कानबोळे दिले असते तर बरे झाले असते.

किती आवाज, किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा: ८० डेसिबल असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८९ ला ५ तास, ९५ ला सव्वा तास, आणि १०१ ला आठवड्यात वीस मिनिटेसुद्धा नाहीत. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. आणि पुष्कळ हेडफोन पूर्ण आवाजाला शंभरच्या पलीकडे सहज जातात, स्वस्तही आणि महागही. उलट महागड्यात एक धोका अधिक. स्वस्त यंत्र मोठे केले की ते फाटते, चिरकते, आपण कमी करतो. चांगले यंत्र मोठे केले तरी गोडच राहते. कानाला गोड म्हणजे निरुपद्रवी, असे नसते.

गुरुजींना सांगितले, सकाळी घरात शांतता असताना आवाज जेमतेम पुरेल एवढा ठेवा आणि तिथे घुंडीवर काकूंच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. दिवसभरात ठिपका ओलांडायचा नाही. ट्रॅक्टर गेला तर गाणे थांबवा. हल्लीच्या काही मोबाइलमध्ये हेडफोनचा आवाज किती डेसिबल झाला याची नोंद होते, तरुणांनी ती पाहावी. आणि जोडीला त्यांना श्रवणतपासणीसाठी पाठवले, कारण मला एक शंका होती. घुंडी फक्त थकव्याने वर गेली असेल असे वाटेना.

आलेख आला. दोन्ही कानांत २ हजार हर्ट्झपर्यंत ठीक, तिथून पुढे रेघ खाली उतरत गेलेली. वयाने येणारी श्रवणहानी. स, श, थ, फ ही अक्षरे याच वरच्या पट्टीत आणि मुळात क्षीण. ती गेली की बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. गुरुजी दोनतीन वर्षे म्हणत होते, हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यांनी या उण्याशी इतके जुळवून घेतले होते की ते उणे आहे, हेच विसरले होते. नव्या हेडफोनने तंबोऱ्याची तार पुन्हा ऐकू आली, तेवढीच, आणि ती आणखी स्पष्ट व्हावी म्हणून घुंडी वर चालली होती.

त्यांना श्रवणयंत्र सुचवले. ते म्हणाले, आमच्या थोरल्या बंधूंनी घेतलं होतं, आठ दिवसांत कपाटात गेलं. काही यंत्रांचे असेच होते, आणि कारण पुन्हा तेच. पहिल्या दिवशी भांडी कानात आदळतात, वर्तमानपत्र उलटताना कर्कश वाटते, आपलाच आवाज हंड्यातून आल्यासारखा येतो. माणूस म्हणतो, यंत्र खराब. यंत्र खराब नसते, मेंदूने हे आवाज कित्येक वर्षांत ऐकलेले नसतात. पहिला आठवडा घरातच, एकदोन तास, एका माणसाशी बोलताना यंत्र लावावे. मग दूरदर्शनवरच्या बातम्या, मग चार माणसांत, बाजारात सर्वांत शेवटी. महिनाभराने ते पुन्हा जुळवून घ्यायला जायलाच हवे, एका फेरीत ते बसत नाही. श्रवणतपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी.

एक गोष्ट मात्र सवयीवर कधीही सोडू नका. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा रात्रीतून, ऐकू येईनासे झाले तर सर्दीने दडा बसला असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठावे. सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइडचे उपचार मिळाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता असते. दोन आठवडे उलटल्यावर ती फारच कमी होते.

गुरुजींनी संक्रांतीच्या सुमारास यंत्र घेतले. गाणे ऐकताना ते काढून ठेवायचे आणि मग हेडफोन लावायचा, कारण दोन्ही एकत्र लावले की त्यांच्या यंत्रातून शिट्टी येते. घुंडी ठिपक्यावर आहे. परवा काकू रक्तदाब तपासायला आल्या होत्या, तेव्हा दाराबाहेर बसलेल्या गुरुजींबद्दल त्यांनी काहीतरी हळूच सांगायला सुरुवात केली, आणि बाहेरून आवाज आला, "ऐकतोय मी!"